दहावा ठोकळा

वर्ध्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं
आणि वहीत मी एकच वाक्य दोनदा लिहून आणलं:
हात मागे घ्यावा.
बाकी सामान गावातच मिळेल, म्हणाल्या तिथल्या बाई.
ते खरं निघालं.

पऱ्हाटीच्या काड्या तासल्या,
चार बोटांची पहिली, चाळीस बोटांची शेवटची,
एक टप्पा गेरूचा, एक निळीचा.
बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
त्यावर काचकागदाची अक्षरं डकवली.
आणि उकंडा सुताराने सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून
दहा ठोकळे घडवले,
मोठा दोन्ही हातांनी धरावा असा,
लहाना हरभऱ्याच्या दाण्याएवढा.
पैसे नाही घेतले.
"पोट्टे हारपोतीनच एखांदा," म्हणाला, "मंग पाहू."

आठवडाभर गाव खिडकीत.
"बाई पोट्ट्यायले पानी भरू लावते."
"पाढे काऊन नाही म्हनत?"
आत शिवांश एका गडव्यातलं पाणी दुसऱ्या गडव्यात ओतत होता,
सांडलेलं फडक्यानं टिपत होता,
फडकं पिळून पुन्हा त्याच गडव्यात.
माझा हात त्याच्या मनगटाकडे निघायचा.
मी तो पदराखाली दाबून धरायची,
शेजारणीचं खोडकर पोर धरावं तसा.

चांदणी टेकाम पोडावरून यायची.
घरी कोलामी, इथं काहीच नाही.
हजेरीलाही नुसती मान.
पण दोन बोटांनी काचकागदाचा च गिरवताना
तिचे ओठ हलायचे,
आणि ठोकळे रचताना
ती श्वाससुद्धा बेतानं सोडायची.

मग लहाना हरवला.
सतरंजी झटकली, माठ सरकवला,
वच्छलाबाईंनी खिचडीचं गंज ढवळून पाहिलं.
"शिजला असन तं मऊ झाला असन," म्हणाल्या.
दुसऱ्या दिवशी चांदणीनं नऊ रचले आणि थांबली.
बराच वेळ.
मग उठून अंगणात गेली,
कुणाच्या तरी गाडीतून सांडलेलं बोंड उचललं,
दातांनी कापूस सोडवला
आणि सरकी आणून ठेवली
नवव्याच्या डोक्यावर.
तिला जराशी लव राहिली होती,
म्हणून घसरली नाही.

त्याच दिवशी पर्यवेक्षिका आल्या.
"नमस्ते म्हणा. एखादी कविता होऊ द्या."
कुणी वर पाहिलं नाही.
तूर निवडणारी तूर निवडत राहिली,
बटनं लावणारा तिसऱ्या काजापाशी अडला होता.
रजिस्टरात त्यांनी लिहिलं:
मुले प्रतिसाद देत नाहीत.
आणि वळताना त्यांच्या पिशवीचा धक्का लागला.

नऊ ठोकळे सतरंजीभर.
मी तोंड उघडलं, मिटलं.
चांदणी रडली नाही.
मोठा ठोकळा उचलून
तिनं मॅडमच्या हातात दिला
आणि मांडी घालून समोर बसली.

गुडघे दुखतात म्हणत म्हणत मॅडम खाली बसल्या.
एक. दोन. तीन. चार.
मग चुकल्या. पाचवा राहिला, सहावा लागला,
त्यावर पाचवा, कडा बाहेर डोकावू लागल्या.
चांदणीचा हात उठला.
मधेच थांबला.
तिनं तो मागे घेतला,
मांडीखाली घालून त्यावर बसली.

मॅडम ठोकळ्यांकडे पाहत राहिल्या.
"हे काहीतरी," म्हणाल्या,
आणि पाचवा काढला.

शेरा अजून रजिस्टरात तसाच आहे.
सरकी त्या दिवशी कुठे उडाली, कळलं नाही.
उन्हाळ्यात माठाखालच्या वाळूत
खरा ठोकळा सापडला, ओलानं काळा पडलेला.
तो मी फळीवर ठेवला,
नऊ जणांच्या शेजारी.
चांदणी त्याला उचलते, वास घेते,
खाली ठेवते
आणि अंगणात जाते.